परदेश सहलीत बोर्डिंग शाळा बघायची असेल तर: ठाणे-नवी मुंबईच्या पालकांसाठी पायरीपायरीने

मे महिन्याच्या सुट्टीत लंडनला जायचं ठरतं, तिकिटं निघतात, आणि मग घरात कुणीतरी म्हणतं, "जातोच आहोत तर एखादी बोर्डिंग शाळाही बघून येऊ." सगळी गडबड या "जातोच आहोत तर"मध्ये आहे. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत अशी बरीच कुटुंबं दर वर्षी जातात. त्यांतली काही जण शाळेच्या फाटकापाशी फोटो काढून परत येतात. काहींना शाळा बंद सापडते. काही जण तर पर्यटकांच्या फेरीचं तिकीट काढून आत जातात आणि आपण प्रवेशासाठी शाळा पाहिली असं समजतात.

हा लेख इंग्लंडमधल्या खासगी बोर्डिंग शाळांपुरता आहे, कारण आपल्याकडची बहुतेक चौकशी तिथलीच असते. मूल साधारण बारा ते सोळा वर्षांचं आहे आणि आई-बाबांबरोबर सहलीला चाललं आहे, असं धरलं आहे. मुलाला तिकडे पाठवावं की नाही, या वादात मी पडत नाही. बघायलाच जाणार असाल तर नीट बघून या, एवढंच.

क्रम मात्र आत्ताच पक्का करा. आधी शाळेची तारीख, मग व्हिसा, मग विमान, मग लंडन आय आणि मादाम तुसाँ. हा क्रम उलटा झाला की पुढचं काहीच जागेवर बसत नाही.

१. इयत्ता विसरा, जन्मतारीख बघा

आपली नववी म्हणजे तिकडची इयर नाइन नव्हे. इंग्लंडमध्ये वर्ग ठरतो ३१ ऑगस्टला पूर्ण झालेल्या वयावरून. त्या दिवशी तेरा वर्षं पूर्ण असतील तर इयर नाइन, चौदा असतील तर इयर टेन. २० ऑगस्ट २०१२ ला जन्मलेली मुलगी सप्टेंबर २०२६ मध्ये इयर टेनची ठरते, तर ५ सप्टेंबर २०१२ ला जन्मलेली तिची मैत्रीण इयर नाइनची. ठाण्यात दोघी एकाच बाकावर बसत असतील, तरी तिकडे वर्ग वेगळे.

प्रवेशाचे मोठे दरवाजे तीन: इयर सेव्हन, इयर नाइन आणि इयर ट्वेल्व्ह. इयर टेन आणि इलेव्हन मिळून जीसीएसईचा, म्हणजे तिकडच्या दहावीसारख्या परीक्षेचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्यामुळे मध्येच इयर इलेव्हनला शिरणं अवघड. काही शाळा एका वर्षाचा जीसीएसई चालवतात, पण ते आधी विचारून घ्यायचं. आपल्याकडे दहावी झालेल्या मुलासाठी सरळ रस्ता म्हणजे इयर ट्वेल्व्ह, म्हणजे ए लेव्हलचं (आपल्या अकरावी-बारावीसारखं) पहिलं वर्ष. मात्र दहावीनंतरच्या सप्टेंबरला सोळा पूर्ण होत नसतील तर शाळेला तसं आधीच लिहा. कुठल्या वर्गात घ्यायचं हे शाळा ठरवते, आपला एजंट नव्हे.

नोंदणीची मुदत इथेच बहुतेकांना चकवते. इयर ट्वेल्व्हसाठी बऱ्याच शाळांची नोंदणी आधीच्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास संपते आणि परीक्षा-मुलाखती नोव्हेंबरात होतात. इयर नाइनसाठी तर नावाजलेल्या शाळा दोन-तीन वर्षं आधी नाव मागतात. म्हणजे दहावीनंतर पाठवायचं असेल तर शाळा बघायची ती नववी संपून दहावी सुरू होतानाच्या मे महिन्यात. नेमकी तेव्हाच क्लासची व्हेकेशन बॅच असते. क्लासवाले कुरकुर करतील, त्यांना करू द्या. दहावीचा निकाल हातात घेऊन शाळा बघायला निघालात, तर त्या वर्षीच्या जागा केव्हाच भरलेल्या असतात.

तपासा: मुलाची जन्मतारीख, तुम्हाला हवं असलेलं प्रवेशाचं वर्ष आणि त्या वर्गाची नोंदणीची शेवटची तारीख, या तीन गोष्टी एका कागदावर आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. तारीख: शाळा भरलेली असताना जा

तिकडे तीन सत्रं असतात. पहिलं सप्टेंबरच्या सुरुवातीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, दुसरं जानेवारी ते मार्चअखेर, तिसरं एप्रिलच्या उत्तरार्धापासून जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास. प्रत्येक सत्राच्या मध्यावर हाफ टर्मची सुट्टी असते: ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, फेब्रुवारीच्या मध्याला आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात. ऑक्टोबरची सुट्टी अनेक बोर्डिंग शाळांत दोन आठवड्यांची असते.

आता हे आपल्या सुट्ट्यांशी जुळवू.

स्टेट बोर्ड आणि सीबीएसईच्या मुलांना मेमध्ये सुट्टी असते. मेचा पहिला सोमवार तिकडे सार्वजनिक सुट्टीचा. शेवटच्या सोमवारीही सुट्टी, आणि तो अख्खा आठवडा हाफ टर्मचा. मधले दोन-तीन आठवडे आपले. इयर इलेव्हन आणि इयर थर्टीनच्या बोर्डाच्या परीक्षा तेव्हा चालू असतात, त्यामुळे वातावरण जरा दबलेलं असेल, पण शाळा भरलेली असते. जूनचा पहिला पंधरवडाही चालतो. त्यानंतर परीक्षा संपलेली मोठी मुलं घरी जाऊ लागतात आणि हाऊस, म्हणजे मुलांची राहण्याची वसतिगृहं, रिकामी दिसायला लागतात.

आयबी किंवा आयजीसीएसईवाल्यांची सुट्टी जून-जुलैत. जूनमध्येच जाऊन या. जुलैच्या मध्यानंतर शाळा गजबजलेली दिसते खरी, पण त्या इमारती बऱ्याचदा भाषेच्या उन्हाळी शिबिरांना भाड्याने दिलेल्या असतात. तिथे हिंडणारी मुलं त्या शाळेची नसतात आणि शिक्षकही नसतात. "मुलं किती मोकळी होती!" म्हणून खूश होऊन येणारे पालक बहुतेक वेळा शिबिर बघून आलेले असतात.

दिवाळीच्या सुट्टीचं गणित दर वर्षी वेगळं. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तोवर तिकडची हाफ टर्म संपलेली असते, त्यामुळे पाडवा-भाऊबीज करून निघालात तरी शाळा चालू मिळेल. २०२७ मध्ये ते २९ ऑक्टोबरला येतं, तेव्हा सुट्टीतच जाऊन आदळाल. नाताळच्या सुट्टीत जाऊ नका. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत सगळं बंद.

आठवड्याचा वार कुठला, हेही विचारून ठरवा. अनेक मोठ्या बोर्डिंग शाळांत शनिवारी सकाळी तास असतात आणि दुपारी सामने. शनिवारची भेट मिळाली तर सोडू नका, कारण मुलाला तिथे काढायचे आहेत ते शनिवार-रविवारच. मंगळवारी सकाळी सगळ्याच शाळा चांगल्या दिसतात.

खबरदारी: एक्झिॲट (exeat) नावाचा एक प्रकार असतो. सत्राच्या मध्ये काही शनिवार-रविवार मुलांना घरी सोडतात. संकेतस्थळावरच्या टर्म डेट्समध्ये ते दिवस दिलेले असतात. ते टाळा.

३. यादी: दोन शाळा, फार तर तीन

दहा दिवसांच्या सहलीत पाच शाळा बघायला निघालेली कुटुंबं तिसऱ्या शाळेपर्यंत नुसती माना हलवत असतात. एका दिवशी एकच शाळा. सगळ्यात आवडती शाळा पहिली ठेवू नका. पहिल्या भेटीत मुलाला काय विचारायचं ते सुचत नाही, दुसरीत सुचतं.

यादी करताना नावामागे धावण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, शाळा मुलांची, मुलींची की दोघांची. ईटन आणि हॅरो फक्त मुलांच्या आहेत, हे माहीत नसताना मुलीसाठी चौकशी करणारे पालक आजही भेटतात. दुसरी, बोर्डिंगचा प्रकार. फुल बोर्डिंग, वीकली आणि फ्लेक्सी असे प्रकार असतात. वीकलीवाली मुलं शुक्रवारी घरी जातात, फ्लेक्सीवाली हव्या त्या रात्रींपुरती राहतात. आपलं मूल खारघरला जाणार आहे का दर शुक्रवारी? आपल्या कामाची फक्त फुल बोर्डिंग, आणि तीही नावापुरती नव्हे. ते कसं ओळखायचं, ते आठव्या पायरीत.

प्रत्येक शाळेचा तपासणी अहवाल वाचा. खासगी शाळांची तपासणी बहुतेक करून इंडिपेंडंट स्कूल्स इन्स्पेक्टोरेट करतं आणि अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. माहितीपुस्तिकेतल्या हिरव्या लॉनपेक्षा त्यातला बोर्डिंगबद्दलचा परिच्छेद जास्त सांगतो.

पर्यटकांच्या फेरीचा घोळही इथेच मिटवू. ईटन, हॅरोसारख्या जुन्या शाळांत पर्यटकांसाठी वेगळी फेरी असते. तिकीट काढायचं, चॅपल आणि जुने वर्ग बघायचे. तिचा प्रवेशाशी काही संबंध नाही. त्यात हाऊस दाखवत नाहीत, कुणी तुमचं नाव लिहून घेत नाही.

४. रजिस्ट्रारला ईमेल

प्रवेशाचं काम बघणाऱ्या माणसाला तिकडे बहुधा रजिस्ट्रार म्हणतात, काही ठिकाणी ॲडमिशन्स ऑफिस. ईमेल भेटीच्या दहा-बारा आठवडे आधी जायला हवा. ओपन मॉर्निंगची, म्हणजे सगळ्या पालकांना एकत्र शाळा दाखवतात त्या सकाळची, तारीख जुळत नसेल तर स्वतंत्र भेट मागा. परदेशातून येणाऱ्यांसाठी बहुतेक शाळा ती आनंदाने देतात. फक्त अचानक जाऊन उभं राहू नका. शाळेत लहान मुलं राहतात, आधी कळवल्याशिवाय कुणालाही आत घेत नाहीत. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. उलट ज्या शाळेने असं कुणालाही आत घेतलं, तिथे मी माझं मूल ठेवणार नाही.

ईमेलमध्ये लिहा: मुलाचं नाव, जन्मतारीख, सध्याची शाळा, बोर्ड आणि इयत्ता, कोणत्या वर्षी कोणत्या वर्गात प्रवेश हवा, प्रवासाच्या तारखा आणि त्यांतल्या चालणाऱ्या तीन तारखा, कोण कोण येणार, खाण्याची पथ्यं, मुलाची खरीखुरी आवड. "आवड"मध्ये तबल्याच्या तीन परीक्षा, सोसायटीच्या मैदानावरचं फुटबॉल, बुद्धिबळ, काहीही चालतं. टक्के वेगळ्या कागदावर येतातच. शेवटी तीन गोष्टी स्पष्ट मागा: राहण्याचं हाऊस बघायचंय, हाऊसमास्तर किंवा हाऊसमिस्ट्रेसशी बोलायचंय, आणि जमल्यास मुलांबरोबर जेवायचंय. न मागितल्यास यातली एखादी गोष्ट हमखास राहते.

आता नावाबद्दल, कारण हा घोळ आपलाच आहे. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. आईने ईमेल गुणपत्रिका बघून लिहिला, तर तिकडची बाई शेवटचा शब्द आडनाव समजते, आणि देशमुखांची आर्या शाळेच्या यादीत मिस संजय होऊन बसते. पुढे फॉर्म, परीक्षा, व्हिसा, सगळीकडे तेच नाव फिरतं. पहिल्या ईमेलपासूनच पासपोर्टवर जसं आहे तसं नाव लिहा आणि आडनाव कोणतं ते वेगळं सांगा.

उत्तर आठवडाभरात नाही आलं तर फोन करा. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. मेमध्ये आपले दुपारचे दीड म्हणजे तिकडचे सकाळचे नऊ. अडीच-तीनच्या सुमारास फोन लावा, माणूस जागेवर सापडतो.

तपासा: भेटीची तारीख, वेळ, कुठल्या प्रवेशद्वाराने यायचं आणि कुणाला भेटायचं, हे लेखी आलं का? फोनवरचं "या, या" पुरेसं नाही.

५. व्हिसा आणि कागद

तारीख लेखी मिळाली की व्हिसा. यूकेसाठी स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. युरोपचा शेंगेन तिथे चालत नाही, दोन्हीकडे जाणार असाल तर दोन्ही काढा. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, पण एप्रिल-मेची गर्दी धरून वेळ ठेवा. अर्जात सहलीबरोबर शाळेची भेटही सरळ लिहा आणि शाळेचा ईमेल जोडा. लपवण्यासारखं काहीच नाही, आणि लपवलेलं विमानतळावर मुलाच्या तोंडून बाहेर पडतंच.

लहान मुलांचा पासपोर्ट बहुधा पाच वर्षांचाच असतो. तारीख आत्ता काढून बघा. संपत आला असेल तर आधी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्राची फेरी.

आईचं आडनाव मुलाच्या आडनावापेक्षा वेगळं असेल, किंवा दोघांतलं एकच जण बरोबर जाणार असेल, तर मुलाचा जन्मदाखला आणि दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र हाताच्या बॅगेत ठेवा. इमिग्रेशनवर विचारू शकतात. शाळेसाठी गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं न्या. मराठी माध्यमाची असतील तर इंग्रजी भाषांतरासह.

आणि हो, शाळेसाठी पेढ्यांचा डबा नेऊ नका. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. भेटवस्तू न नेता गेलं तरी कुणाला काही वाटत नाही.

६. मुलाची तयारी

सगळ्यात कमी वेळ या पायरीला दिला जातो, आणि सगळ्यात जास्त फरक हिनेच पडतो. रजिस्ट्रार तुमच्याशी बोलत असते, पण बघत मुलाकडे असते.

प्रसंग नेहमीचा आहे. रजिस्ट्रार मुलाला विचारते, "सध्या काय वाचतोयस?" मुलगा श्वास घेतो, तेवढ्यात बाबा सांगतात, "तो गणितात खूप चांगला आहे, ऑलिम्पियाडला..." मुलगा हसतो आणि गप्प बसतो. ती पुन्हा मुलाला विचारते. या वेळी आई मराठीतून, "सांग ना रे, ते पुस्तक..." मराठी तिला येत नाही, पण सूर जगात सगळ्यांनाच कळतो. तिसऱ्या प्रश्नापर्यंत मुलाने ठरवलेलं असतं की बोलायचं काम आपलं नाही.

म्हणून घरीच नियम करा: मुलाला विचारलेल्या प्रश्नाला मुलानेच उत्तर द्यायचं. पाच सेकंद शांतता पडली तरी पडू द्या.

पाठ करून घेऊ नका. पाठ केलेलं उत्तर ओळखायला रजिस्ट्रारला अर्धं वाक्य पुरतं. त्याऐवजी संध्याकाळी जेवताना इंग्रजीतून साध्या गप्पा मारा. शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कोणतं आणि त्यातलं काय पटलं नाही? रिकामा वेळ मिळाला की काय करतोस, खरंखरं? एखादी गोष्ट जमली नाही तेव्हा काय केलंस? मोबाइलवर गेम खेळतो हेही उत्तर आहे, फक्त कोणता आणि का, हे सांगता आलं पाहिजे. उच्चार साहेबासारखे करायची गरज नाही. समोरचा भराभर बोलला आणि कळलं नाही, तर "परत सांगाल का" हे इंग्रजीत न लाजता विचारायची सवय मात्र लावा. आपली मुलं न कळताच मान हलवतात.

मुलाने स्वतःचे पाच प्रश्न स्वतःच्या वहीत लिहावेत. तुम्ही लिहून दिलेले नकोत. त्यातला एक "वायफाय किती वाजता बंद होतं" असेल, तर असू दे. चांगला प्रश्न आहे.

आणि एकदा तरी शांतपणे विचारा, त्याला जायचंय का. उत्तर "नाही" आलं तरी भेट रद्द करायची गरज नाही, बघून "नाही" म्हणणंही चालतं. पण "बघायलाच तर जातोय" म्हणत त्याला न सांगता प्रवेशाची बोलणी करायला गेलात, तर त्या खोलीत ते सगळ्यांना दिसतं.

कपडे: नीट फुल पँट, इस्त्रीचा शर्ट किंवा कुर्ता, चालण्याचे बूट. सूट-टाय नको. मैदानातून हिंडवतात आणि मेमध्येही पाऊस असतो, तेव्हा पांढरे नवे बूट त्या दिवशी घालू नका.

७. पोचायचं कसं

बऱ्याच शाळा लंडनबाहेर, छोट्या गावांत आहेत. स्टेशनबाहेर रिक्षा स्टँड नसतो, आणि ॲपवर गाडी मिळेलच असंही नाही. स्थानिक टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवा. क्रमांक शाळेलाच विचारा, काही शाळा स्टेशनवर गाडीही पाठवतात. परतीची टॅक्सीही तेव्हाच ठरवा.

सकाळी साडेनऊच्या आधीच्या गाड्या आठवड्याच्या वारी बहुधा महाग पडतात. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढलंत तर मोठ्यांना एक तृतीयांश आणि ५ ते १५ वयाच्या मुलांना ६० टक्के सवलत मिळते. सोळा पूर्ण झालेल्याला मोठ्यांचं तिकीट. गाड्या रद्द होतात, म्हणून लागते त्याच्या एक गाडी आधी निघा.

वेळ मागताना सकाळी दहा-अकराची मागा. मुंबईहून गेल्यावर पहिले तीन-चार दिवस मूल पहाटे चारला टक्क जागं असतं आणि संध्याकाळी पाचला पेंगायला लागतं, कारण तेव्हा ठाण्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. दुपारी चारची भेट घेतलीत तर जांभया देणारं मूल घेऊन जाल. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी भेट ठेवूच नका.

आजी-आजोबा आणि धाकटं भावंड बरोबर असतील तर आधी कळवा, किंवा त्यांना गावातल्या कॅफेत बसवा. आठ जणांचा घोळका मुलींच्या हाऊसमधून फिरू शकत नाही. सुटकेसही हॉटेलवर ठेवून या.

ग्रुप टूरने जाणाऱ्यांसाठी: "मोकळ्या दुपारी" शाळा उरकता येत नाही. टूरच्या आधी किंवा नंतर दोन दिवस जोडून घ्या.

८. भेटीचा दिवस

दहा मिनिटं आधी पोचा. रिसेप्शनवर ओळखपत्र दाखवून सही करायची, गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला घालायचा आणि निघेपर्यंत काढायचा नाही. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. पार्श्वभूमीत मुलं येत असतील तर स्वतःचेही नाहीत. व्हिडिओ कॉलवर नेरूळच्या काकूंना शाळा दाखवायची नाही.

पुढे साधारण असं असतं: रजिस्ट्रारशी थोडं बोलणं, मग शाळेतली एक-दोन मुलं तुम्हाला फिरवतात, मग हाऊस, जेवण, शेवटी पुन्हा बोलणं. फिरवणारी मुलं हा दिवसातला सगळ्यात मोलाचा भाग. इथे आई-बाबांनी दहा पावलं मागे राहावं. मुलाला त्यांच्याबरोबर पुढे चालू द्या. तुम्ही ऐकत नसलात की ती खरं बोलतात.

त्या मुलांना "शाळा कशी आहे?" विचारलं तर "छान" हेच उत्तर येणार. ठरावीक दिवसाचं विचारायचं. काल रात्री सात ते नऊ काय केलंस? मागच्या रविवारी? फोन कधी जमा करतात? ताप आला की आधी कुणाकडे जायचं? पहिल्या सत्रात घरची आठवण आली तेव्हा कोण बोलायला आलं? अभ्यासाच्या तासाला तिकडे प्रेप म्हणतात. त्या वेळी शिक्षक खोलीत असतो की नुसता फेरी मारून जातो?

हाऊसमध्ये गेल्यावर नजर वर नको, खाली आणि बाजूला. नोटीस बोर्डावर या आठवड्याचे कार्यक्रम आहेत की गेल्या सत्राचे? मेट्रनच्या (हाऊसमधल्या मुलांची देखभाल करणाऱ्या बाईंच्या) खोलीचं दार उघडं आहे का, तिथे एखादं मूल बसलंय का? न्हाणीघर बघायला मागा, लाजू नका. एका खोलीत किती जण, आणि ते कोण ठरवतं?

हाऊसमास्तरांना एक प्रश्न नक्की विचारा: साध्या शनिवारी रात्री, एक्झिॲट नसताना, या हाऊसमध्ये किती मुलं झोपतात? साठातली पन्नास म्हणाले तर शाळा खरोखर फुल बोर्डिंग आहे. साठातली पंधरा, आणि ती सगळी परदेशातली, असं निघालं तर तुमच्या मुलाचे शनिवार-रविवार कसे जातील ते समजून घ्या. उत्तर देताना माणूस घुटमळला, तर तेही उत्तरच.

जेवण. "शाकाहारी मिळतं" हे सगळीकडे सांगतात. प्रश्न आहे रोज काय मिळतं. गेल्या आठवड्याचा मेन्यू मागा आणि दुपारी शाकाहारी रांगेतूनच ताट घ्या. पाच दिवसांत तीनदा चीजचा पास्ता असेल तर वरण-भातावर वाढलेल्या मुलाचं डिसेंबरपर्यंत काय होईल, हे तुम्हालाच ठाऊक. अंडं चालतं की नाही, चतुर्थीचा उपास करते की नाही, हे मुलीनेच सांगावं. तिथे तिचं ताट रोज तीच वाढून घेणार आहे.

खबरदारी: परीक्षा चालू असेल तर दिवाणखान्यात किंवा वाचनालयात मराठीतून मोठ्याने चर्चा नको. आपला नेहमीचा आवाज त्या इमारतींत फार घुमतो.

९. पैसे आणि गार्डियन: हे मोठ्यांनी, वेगळं बसून

फीचं बोलणं मुलासमोर करू नका. मूल हाऊसमध्ये असताना रजिस्ट्रारशी उरकून घ्या.

१ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागतो. जुन्या माहितीपत्रकातला किंवा एजंटच्या तक्त्यातला आकडा व्हॅटसह आहे का, ते विचारा. आकडा वर्षाचा की सत्राचा, हेही बघा. फी बहुधा सत्राची सांगतात, तीन सत्रांचं वर्ष. नामांकित फुल बोर्डिंग शाळांची वर्षाची फी व्हॅट धरून पन्नास हजार पौंडांच्या पुढे जाते. शिवाय नोंदणी शुल्क, जे परत मिळत नाही, आणि जागा स्वीकारताना अनामत, जी परदेशी मुलांसाठी बऱ्याचदा एका सत्राच्या फीएवढी असते. त्या अनामतीच्या परताव्याच्या अटी लेखी मागा.

गार्डियनचं काम बहुतेकांना उशिरा कळतं. परदेशी मुलासाठी बहुतेक शाळा इंग्लंडमध्ये राहणारा गार्डियन सक्तीचा करतात. हाफ टर्म आणि एक्झिॲटला हाऊस बंद झालं की मूल त्याच्याकडे जातं, आजारपणात शाळा आधी त्याला फोन करते. "लंडनला माझा मावसभाऊ आहे" हे ऐकायला बरं वाटतं. त्याला विचारलंय का, की वर्षातून पाच-सहा वेळा, कधी कधी दोन-दोन आठवडे, तो तेरा वर्षांचं मूल घरी ठेवेल? नसेल तर पैसे घेऊन हे काम करणाऱ्या संस्था असतात. एजिस या संघटनेची मान्यता असलेली संस्था निवडा आणि तिची फी एकूण खर्चात धरा.

ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या सल्लागारामार्फत जात असाल तर शाळेकडून त्याला कमिशन मिळतं का, ते सरळ विचारा. मिळत असेल तर वाईट नाही, पण मग त्याच्या यादीत नसलेल्या शाळाही स्वतः बघा.

खबरदारी: सहलीत असताना अनामत भरू नका. "दोनच जागा आहेत" म्हणाले तरी घरी येऊन भरा.

१०. त्याच रात्री, आणि परत आल्यावर

हॉटेलवर आल्यावर आधी मुलाने एकट्याने लिहावं: काय आवडलं, काय खटकलं, कुणाशी परत बोलावंसं वाटलं. तोवर आई-बाबांनी आपलं मत तोंडातून काढू नये. तुम्ही परतीच्या गाडीतच "मस्त होती ना!" म्हणून टाकलंत की मुलाचं मत संपलं.

दोन दिवसांत आभाराचा ईमेल, मुलाच्या नावाने, मुलाच्या शब्दांत, चार ओळी. त्याचं इंग्रजी सुधारत बसू नका. फिरवणाऱ्या मुलांचं नाव घेऊन आभार मानले तर ते त्यांच्यापर्यंत पोचतात.

मग नोंदणी आणि परीक्षा. परदेशी मुलांना अनेक शाळा यूकेआयसेट ही संगणकावरची चाचणी द्यायला सांगतात. त्यात इंग्रजी आणि तर्क असतो, आणि ती भारतात देता येते. काही शाळा स्वतःची परीक्षा ऑनलाइन घेतात, मुलाखतही. त्यासाठी पुन्हा विमान पकडायची बहुधा गरज पडत नाही.

जागा मिळाली तर व्हिसा वेगळा लागतो: सोळाच्या आतल्या मुलांना चाइल्ड स्टुडंट व्हिसा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना कोणता लागेल ते शाळेलाच विचारा. अर्ज अभ्यासक्रम सुरू होण्याच्या आधी सहा महिन्यांच्या आत करायचा, भारतातून जाताना मान्यताप्राप्त दवाखान्यात क्षयाची तपासणी करून घ्यायची, आणि आरोग्य अधिभार भरायचा. विद्यार्थ्यांसाठी आणि अठराखालच्यांसाठी तो सध्या वर्षाला ७७६ पौंड आहे. सहलीच्या व्हिसावर तिथेच राहून तो बदलून घेता येत नाही. त्यामुळे शाळेने "लगेच सप्टेंबरपासून या" म्हटलं तरी ठाण्याला परत येऊन इथूनच अर्ज करायचा.